काल पाच वाजता

मला पगार वेळ मोजण्याचा मिळत होता. सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या एका धाग्याच्या कारखान्यात मी टाइम स्टडीचा माणूस होतो. विभागाचं नाव लांबलचक होतं, पण विभाग म्हणजे मी, एक टेबल, कागद अडकवायचं एक पॅड आणि दोन स्टॉपवॉच. भरलेली बॉबिन काढून रिकामी चढवायला किती वेळ लागतो, तुटलेला धागा पुन्हा ओवायला किती, ट्रॉली या टोकाहून त्या टोकाला न्यायला किती, हे मी मशीनशेजारी उभा राहून टिपायचो. आमच्या स्टॉपवॉचवर मिनिटाचे साठ नव्हे, शंभर भाग असत. सरासरी काढायला बरं पडतं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी हे बायकोला कौतुकाने दाखवलं होतं. तिने घड्याळ उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "मग याने कुकर कधी बंद करायचा?"

कामगार बरेचसे धुळे-नंदुरबारकडचे. मी दिसलो की त्यांच्यातला एक जण हमखास म्हणायचा, "साहेब, ते खिशात ठेवा ना. त्याला पाहिलं की हात लाजतात." आणि खरोखरच लाजायचे. घड्याळ दिसलं की त्याच माणसाला त्याच कामाला मिनिटाचे आठ-दहा शतांश जास्त लागत. त्यासाठी वजावट करायची एक रीत होती आणि मी ती इमानाने करायचो. तेव्हा इमानाने वजावट करून जे उरतं ती वेळ, असा माझा साधा समज होता. त्यापलीकडे काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

या समजाला धक्का लावायचं काम माझ्या शेजाऱ्यांनी अंगावर घेतलं होतं. डोकमर्डीतल्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, त्यांचं दार आणि आमचं दार एकाच गॅलरीत उघडायचं. ते मूळचे नाशिकचे. रांध्याकडच्या एका कारखान्यात विजेच्या देखभालीचे प्रमुख. त्यांच्या नोकरीचं स्वरूप असं होतं, की कारखाना चालू असला की त्यांना फारसं काम नाही आणि बंद पडला की ते दोन-दोन दिवस घरी दिसायचे नाहीत. कारखाना बहुधा चालू असायचा, कारण ते कामात चोख होते. त्यामुळे हाती वेळ उरायचा आणि त्या वेळात ते वेळेवर लिहायचे.

लिखाणाचं नाव होतं 'काळ लांबीसारखा नाही'. सहा प्रकरणं, फुलस्केपची चौऱ्याण्णव पानं, एका बाजूला लिहिलेली, अक्षर छापल्यासारखं. म्हणणं थोडक्यात असं, की विसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्राने लांबी, रुंदी, उंची यांच्या पंगतीत काळाला चौथा म्हणून बसवलं. हिशोबाला ते सोयीचं आहे, त्याला त्यांची हरकत नव्हती. हरकत पुढच्या वाक्याला होती. काही शास्त्रज्ञ म्हणू लागले, की काळ जर लांबीसारखा असेल तर भूत आणि भविष्य हे दोन्ही आत्ता आहेतच, जशी वापी आणि खानवेल ही दोन्ही गावं आत्ता आहेत. आपण मधे कुठेतरी उभे आहोत म्हणून एकाला मागे म्हणतो आणि दुसऱ्याला पुढे. 'आता' म्हणून जगात काही नाही, तो आपला भास.

"तुमच्या ऑफिसात शिफ्टचा तक्ता आहे ना?" ते एका संध्याकाळी गॅलरीत मला म्हणाले.

"आहे. मीच केलाय."

"त्याच्यावर पहिली, दुसरी, तिसरी शिफ्ट शेजारी शेजारी दिसते. एकाच वेळी दिसते."

"दिसायलाच हवी. नाहीतर तक्ता कशाला?"

"मग तिन्ही शिफ्टची माणसं एकाच वेळी कॅन्टीनमध्ये येतात का?"

"आली तर कॅन्टीनवाला पळून जाईल."

"बस. एवढंच माझं म्हणणं आहे. त्यांनी तक्ता पाहिला आणि कॅन्टीनबद्दल बोलले."

मी एकदम मान डोलावणारा माणूस नाही. मी म्हटलं, की घड्याळं विमानातून फिरवून पाहिली आहेत आणि जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा त्यांच्यात ठरल्याप्रमाणे फरक पडला आहे, हे मी एका विज्ञानाच्या मासिकात वाचलंय. आकडा बरोबर येतो म्हटल्यावर वाद कसला?

"घड्याळात फरक पडला, मान्य," ते म्हणाले. "म्हणून काळ पसरून पडलेला आहे, हे कुठल्या आकड्यात आलं? घड्याळवाले, तुम्ही ज्याचा पगार घेता ती वस्तू काय आहे हे एकदा तरी स्वतःला विचारा."

ते मला 'घड्याळवाले' म्हणायचे आणि मी त्यांना 'तत्त्ववेत्ते'. त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, दोघांनाही एकच नाव वापरायच्या: "ज्यांचा चहा गार होतोय, ते."

त्यांची इच्छा मात्र थट्टेची नव्हती. ज्याला भौतिकशास्त्र खरोखर कळतं अशा एका माणसाने ही पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावीत. वाचून टाकाऊ ठरवली तरी चालतील, पण वाचावीत. दोन ठिकाणी त्यांनी ती पाठवली होती आणि दोन्हीकडून साभार परत आली होती. ते बाडाला दोरा बांधून वर विजेच्या तारांना मारतात तशी गाठ मारायचे. दोन्ही वेळा गाठ जशीच्या तशी परत आली. "नापास केलं असतं तर वाईट नव्हतं," ते म्हणाले. "पेपरच तपासला नाही."

आठ वर्षं ते हे लिहीत होते. आठ हा आकडा त्यांचा. वहिनींच्या मते अकरा.

एका पावसाळ्याच्या शेवटी त्यांनी बाड माझ्याकडे दिलं. "तत्त्वज्ञान मी बघतो. आकडे तुम्ही बघा. चूक दिसली तर लाल पेनने." मी जाम खूश झालो. माझ्यावर कोणी आकडे सोपवले की मला आपण उपयोगाचे आहोत असं वाटतं. पहिली तीन प्रकरणं मी दोन संध्याकाळींत तपासली. दोन बेरजा आणि एक दशांश चिन्ह एवढ्यावर ती निभावली.

चौथं प्रकरण म्हणजे त्यांची तोफ होती. पान त्रेचाळीस ते अडुसष्ट, सव्वीस पानं. त्यात दोन जुळे भाऊ होते. एक सिल्वासात राहतो, दुसरा प्रचंड वेगाने दूर जातो आणि परत येतो. सिद्धांत सांगतो, चालत्याचं घड्याळ मंद पडतं, म्हणून परत आलेला भाऊ वयाने लहान असतो. शेजाऱ्यांचा मुद्दा असा: चालता कोण? घरच्याच्या मते गेलेला चालला. गेलेल्याच्या मते तर घरचाच सिल्वासासकट मागे चालला. मग दोघंही दुसऱ्यापेक्षा लहान ठरायला हवेत. हे अशक्य आहे. अर्थात सिद्धांतच पोकळ आहे.

मला पटलं. दोनदा वाचलं, दोनदा पटलं. पण माझी एक वाईट सवय आहे. पटलेल्या गोष्टीचाही मी एकदा तक्ता करून पाहतो. एका रविवारी दुपारी, बायको झोपलेली असताना, मी आलेखाचा कागद घेऊन बसलो. सूत्रं एका जुन्या क्रमिक पुस्तकातून घेतली आणि आकडे असे निवडले की भागाकार पुरा सुटावा. जाणाऱ्या भावाचा वेग प्रकाशाच्या तीन-पंचमांश. सिल्वासाच्या कॅलेंडरने पाच वर्षं जायला, पाच यायला. आणि असं ठरवलं, की दोघंही आपापल्या कॅलेंडरप्रमाणे दर दिवाळीला एकमेकांना एक शुभेच्छापत्र पाठवतात. पोस्टमन म्हणजे प्रकाश.

दूर जाताना कार्ड दोन वर्षांनी एक मिळतं, जवळ येताना वर्षाला दोन. हा दर दोघांनाही सारखाच लागू, इथपर्यंत शेजाऱ्यांचं बरोबर होतं. मग मी नुसती मोजणी केली. जाणाऱ्याची चार वर्षं जाण्यात गेली, दोन कार्डं. चार येण्यात गेली, आठ कार्डं. एकूण दहा. घरच्याकडे मात्र, गेलेला भाऊ वळला ही बातमीच आठव्या वर्षी पोचते. तोवर चार कार्डं. उरलेल्या दोन वर्षांत आणखी चार. एकूण आठ.

म्हणजे भेटतील तेव्हा एकाच्या हातात दहा कार्डं, दुसऱ्याच्या हातात आठ. घरच्याच्या दहा दिवाळ्या झाल्या, दुसऱ्याच्या आठ, आणि दोघंही ते नाकारू शकत नाहीत, कारण कार्डं समोर आहेत. दोघांची स्थिती सारखी नव्हतीच. वळला एकच जण.

सव्वीस पानं गेली. पाचव्या प्रकरणात त्यांचा उल्लेख तीन ठिकाणी होता, ती वाक्यंही गेली. मी पुन्हा मोजलं. पुन्हा दहा आणि आठ.

आणि मी सांगितलं नाही. सोमवारी सांगायचं ठरवलं, तर सोमवारी ते शिट्टी वाजवतच जिना चढले. त्यांच्याच कारखान्यातल्या एका पुण्याच्या मॅनेजरचे सासरे आठवडाभर लेकीकडे राहायला आले होते. भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मॅनेजरने विषय काढला आणि सर म्हणाले, "येईन की. कोणीतरी काळावर लिहिलंय म्हणता, बघू या." कोणत्या दिवशी येणार ते फोनने कळवणार होते. रविवारी ते पुण्याला परतणार.

आमच्याकडे फोन नव्हते. खाली किराणा दुकानातल्या गुजराती शेठचा नंबर आम्ही सगळे पुढे 'पी. पी.', म्हणजे निरोपापुरता दुसऱ्याचा फोन, असं लिहून द्यायचो. शेठ निरोप घेऊन ठेवायचे आणि दुकान सोडता येईल तेव्हा चिठ्ठी दाराखालून आत सरकवायचे.

शेजाऱ्यांनी बाड माझ्याकडून परत नेलं. "आकडे ठीक?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पहिल्या तीन प्रकरणांत तीन दुरुस्त्या आहेत." हे अक्षरशः खरं होतं. चौथ्याबद्दल त्यांनी विचारलं नाही.

गुरुवारी दुपारी त्यांच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर गेला. वहिनी माहेरी नाशिकला होत्या. शेजारी परत आले ते थेट शनिवारी सकाळी, वहिनीही त्याच सुमारास उतरल्या, आणि दार उघडलं तर पायाशी चिठ्ठी. शेठच्या वळणदार अक्षरात, मराठीत:

'प्रोफेसर साहेब काल पाच वाजता.'

मी शनिवारी पहिली पाळी संपवून चारला घरी आलो तेव्हा शेजारी गॅलरीत खुर्चीवर बसले होते. अंगात दोन दिवसांपूर्वीचाच शर्ट. त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली.

"येऊन गेले," ते म्हणाले. "काल पाचला. दाराला कुलूप."

"मॅनेजरना फोन करा. उद्यापर्यंत आहेत सर."

"कुठल्या तोंडाने? सत्तरीचा माणूस तीन जिने चढून आला आणि मी ट्रान्सफॉर्मरमध्ये डोकं घालून बसलेलो. राहू दे. गाठ तशीच राहायची असेल."

मला वाईट वाटलं. आणि खरं लिहायचं तर, त्याच्या खाली कुठेतरी बरंही वाटलं. सर आले आणि गेले, म्हणजे आता चौथ्या प्रकरणाचं सांगायची घाई नाही.

आतून माझी बायको चहा घेऊन आली. तिने चिठ्ठी वाचली. "काल पाचला? भाऊजी, काल पाचला मी इथेच होते. इथे, दोरीवरचे कपडे काढत. साडेपाचपर्यंत. कोणी आलं नाही."

"तू आत गेली असशील," मी म्हटलं.

"कपडे काय आपोआप घडी झाले? कोणी आलं नाही म्हणजे नाही."

एका बाजूला लेखी पुरावा आणि दुसऱ्या बाजूला साक्षीदार, दोन्ही विश्वासू. असं झालं की चूक नोंदीत असते, हा माझा अनुभव. मी चिठ्ठी उलटी करून पाहिली. तिच्यावर तारीख नव्हती. मी खाली गेलो.

"शेठ, ही तुम्ही लिहिलीत?"

"हा. तुमच्यासाठी मराठीत लिहिला. बराबर छे ने?"

"अक्षर उत्तम आहे. कधी लिहिली?"

"शुक्रवारे. बपोरे फोन आला."

"दुपारी. आणि प्रोफेसर कधी आले होते?"

"आले नाय. येणार."

"कधी येणार?"

"लिहिला ना. काल."

"काल येणार?"

शेठने माझ्याकडे दयेने पाहिलं. आकडेमोड करणाऱ्या माणसाला इतकंही कळू नये. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून गल्ल्यावर ठेवलं. "शेठ, बोट ठेवा."

त्यांनी शुक्रवारवर बोट ठेवलं, मग ते एक घर उजवीकडे सरकवलं. "आ. आवती काल."

सहा वर्षं आम्ही सिल्वासात होतो. गुजरातीत मागचा दिवस गई काल आणि पुढचा दिवस आवती काल, आणि बोलताना दोन्ही नुसते 'काल', हे मला आणि शेजाऱ्यांना, दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. चिठ्ठी गुजरातीत असती तर शेजाऱ्यांनी बरोबर वाचली असती. शेठने आमच्यावर उपकार म्हणून ती मराठीत लिहिली, आणि क्रियापद लिहायचा कंटाळा केला, म्हणून घोटाळा झाला.

"म्हणजे आज," मी म्हटलं. "आज पाचला."

"आज तो आज छे," शेठ म्हणाले. "शुक्रवारे काल हती."

"काय हो तुमची भाषा. गेलेला दिवस आणि येणारा दिवस, दोघांना एकच नाव?"

"ने तुमचा परवा? वहिनी वरून बोलतात, शेठ, परवा पाच किलो तांदूळ. मी विचार करतो, नेले का नेणार?"

चार वाजून सतरा मिनिटं झाली होती. मी जिना चढलो.

वर एकदम धावपळ झाली. वहिनींनी पोहे भिजवले, माझ्या बायकोने आमच्या दोन बऱ्या खुर्च्या तिकडे नेल्या, शेजारी दाढीला बसले. मी बाथरूमच्या दाराशी उभा. आता मात्र मला कुठली सबब नव्हती. मी गप्प बसलो असतो तर त्रेचाळीस मिनिटांनी ते आपली तोफ त्या माणसापुढे डागणार होते, आणि ती उलटी फुटणार हे मला माहीत होतं.

"चौथ्या प्रकरणात चूक आहे," मी म्हटलं.

अर्ध्या चेहऱ्यावर फेस. "बेरजेची?"

"नाही. सगळ्याचीच."

मी दिवाळीच्या कार्डांचं सांगायला सुरुवात केली. मधेच थांबवून ते वस्तरा ठेवून बाहेर आले आणि म्हणाले, "अगं, ती जुनी कार्डं कुठेयत?" वहिनींनी शिलाईच्या डब्यात जपलेली शुभेच्छापत्रं काढून दिली. शेजारी फरशीवर मांडी घालून बसले. तीन-पंचमांश वेग, दूर जाताना दोन वर्षांनी एक, येताना वर्षाला दोन. ते स्वतः मोजून ठेवत गेले. एकीकडे दहा कार्डं झाली, दुसरीकडे आठ. त्यांनी सगळी गोळा केली आणि पुन्हा वाटली. फेस गालावर वाळत होता.

"केव्हा सापडलं तुम्हाला?"

"गेल्या रविवारी."

"आज शनिवार."

"हो."

"आणि सर काल खरंच येऊन गेले असते, तर सांगितलं असतंत?"

मी म्हटलं, "लगेच नसतं सांगितलं."

"बरं," ते म्हणाले, आणि उरलेली अर्धी दाढी करायला गेले.

मला वाटलं, आता संपलं. पण ते बाहेर आले ते धुतलेला शर्ट घालून, आणि बाडाची गाठ सोडून त्यांनी सव्वीस पानं मोजून बाजूला काढली. पाचव्या प्रकरणातली ती तीन वाक्यं खोडली. त्यांनी मला एक शब्दही विचारला नाही. कुठे आहेत ते त्यांना पाठ होतं. "बाकीचं त्याच्यावर उभं नाही ना?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "नाही. ते मी तपासलंय." "मग ठीक."

सर पाच वाजून सात मिनिटांनी आले. बारीक, ताठ, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम. तीन जिने चढून धापसुद्धा नाही. पाणी प्यायले आणि म्हणाले, "आधी वाचतो. मग बोलू. तुम्ही समोर बसू नका, मला परीक्षकासारखं वाटतं."

गॅलरीत खुर्ची टाकून ते वाचत बसले आणि आम्ही चौघं आतल्या खोलीत, आवाज न करता पोहे खाण्याचा प्रयत्न करत. पान उलटल्याचा आवाज येत होता. सुरुवातीला दर पन्नास सेकंदांनी एक, मग जरा सावकाश. शेजारी माझ्याकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाले, "मोजताय ना?" मी मोजत होतो.

बावन्न मिनिटांनी सरांनी हाक मारली. "यात बेचाळीसनंतर एकदम एकोणसत्तर आलंय."

"काढली ती पानं, सर. जुळ्या भावांवर होती. चूक होती. या शेजाऱ्यांनी दाखवली."

"कधी?"

"आज. तुम्ही यायच्या जरा आधी."

सरांनी चष्मा काढला. "जुळ्या भावांवर मला वर्षाकाठी पाचसहा लोक तरी लिहितात. सगळ्यांनी सिद्धांत पाडलेला असतो. पानं काढून ठेवलेला मला अजून कोणी भेटला नव्हता." मग त्यांनी बाड पुन्हा पहिल्या पानाशी उलटवलं. "आता पहिल्या तीन प्रकरणांचं. तुम्ही म्हणता, काळाची रेघ काढणं ही आमची सोय आहे, तो जगाबद्दलचा शोध नाही. मला हे मान्य नाही. पण हे चूक आहे हे मी कुठल्या प्रयोगाने दाखवू, तेही मला सांगता येत नाही. 'आता' कुठे आहे म्हणता? आमच्या समीकरणात तो नाही, हे खरं आहे. आम्ही म्हणतो, नाही तर नाही."

शेजाऱ्यांनी खिशातून शेठची चिठ्ठी काढली आणि सकाळपासूनचा सगळा प्रकार सांगितला. सर मनापासून हसले.

"सर, मला दुपारपासून वाटतंय," शेजारी म्हणाले, "की तुमची समीकरणं या चिठ्ठीसारखी आहेत. त्यात काल आहे. मागचाही तोच, पुढचाही तोच. क्रियापद नाही. आले की येणार, हे विचारायला खाली शेठकडे जावं लागतं."

"छान आहे," सर म्हणाले. "पण क्रियापद आहे आमच्याकडे. दुसऱ्या खात्यात आहे. हा चहा बघा. गार होतो, आपोआप पुन्हा गरम होत नाही. त्यावरून दिशा कळते."

"पण गार झाला हे म्हणायला, आधी कोणता आणि नंतर कोणता हे मला अगोदर माहीत हवं ना? दोन कप शेजारी ठेवले, एक गरम, एक गार, तर त्यात काही झालं असं कोण म्हणेल?"

सरांनी कप उचलला होता, तो तसाच धरला. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, म्हणून ते किती वेळ गप्प होते ते सांगू शकत नाही.

"हे लिहिलंय यात?"

"नाही. आत्ता सुचलं."

"मग लिहा. याला उत्तर आहे असं म्हणणारे माझ्या ओळखीचे दोघेतिघे आहेत. मी त्यातला एक होतो." मग ते बाड शबनमीत घालत म्हणाले, "हे मी नेतो. नीट पेन्सिल घेऊन वाचायचंय. ती काढलेली पानंही द्या."

"ती कशाला, सर? चुकीची आहेत."

"म्हणूनच. चांगली लिहिलेली चूक सहसा मिळत नाही."

वहिनींना आता धीर धरवेना. त्या दारातून म्हणाल्या, "सर, पण म्हणजे हे पास की नापास?"

"ए. टी. के. टी.," सर म्हणाले. "एक विषय राहिलाय. वरच्या वर्गात बसायला हरकत नाही."

ते गेल्यावर शेजाऱ्यांनी पोह्यांचा उरलेला सगळा टोप पुढे ओढला. दोन दिवस त्यांनी नीट जेवण केलं नव्हतं. खाता खाता मला म्हणाले, "घड्याळवाले, पुढच्या वेळी रविवारी सापडलं तर रविवारी सांगा." मी हो म्हटलं. त्यापेक्षा जास्त ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत.

महिन्याभराने पुण्याहून पाकीट आलं. बाडाच्या प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या बारीक खुणा. शेजाऱ्यांनी ते उघडण्याआधी मला हाक मारली आणि आम्ही दोघांनी मिळून मोजलं. एकोणीस ठिकाणी 'असहमत'. सात ठिकाणी 'का?'. चार ठिकाणी 'हे पुन्हा नीट लिहा'. त्या आठवड्यात त्यांनी ती पानं त्यांच्या मॅनेजरला दाखवली, माझ्या बायकोला दाखवली, खाली जाऊन शेठलाही दाखवली. "एकोणीस ठिकाणी असहमत आहेत," ते सांगायचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की एकोणीस गुण मिळाले.

आणि एकतिसाव्या पानावर, जिथे 'आता' म्हणजे काय हा प्रश्न पहिल्यांदा येतो, तिथे समासात नुसतं 'हं' होतं.

या 'हं'वर आमचा पुढचा हिवाळा गेला. माझं म्हणणं, 'हं' म्हणजे वाचलं, पुढे चला. तपासनीस टिकमार्क करतो तसं. शेजाऱ्यांचं म्हणणं, सर तिथे थांबले, अडले, आणि त्यांना शब्द सुचला नाही. मी म्हणायचो, तसं असतं तर पेन्सिलीचा दाब बदलला असता आणि तो बदललेला नाही. ते म्हणायचे, दाब मोजून अर्थ कळत नाही, हेच तर मी एकतिसाव्या पानावर म्हटलंय. आमचे आवाज वाढले की दोन्ही घरांची दारं लागायची. एकदा वहिनी बाहेर येऊन, चष्मा लावून, ते पान उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "कोणीतरी त्यांना आतून जेवायला बोलावलं असेल."